देखण्या बापाची पिल्लं खरंच दणकट निघतात का?

पक्ष्यांच्या ग्रुपवर कुणी पिसारा फुलवलेल्या मोराचा किंवा एखाद्या चकचकीत रंगाच्या नराचा फोटो टाकला की खाली हमखास एक कमेंट येते, मादी असाच नर निवडते कारण त्याची पिल्लं निरोगी होतात. इतक्या खात्रीने लिहितात की जणू बापाच्या पिसांवर पिल्लांचा मेडिकल रिपोर्टच छापलाय. मला ही कमेंट दरवेळी खटकते. तशी ती साफ खोटी नाहीये, नराच्या रूपाचा आणि पिल्लांच्या तब्येतीचा संबंध लोकांनी खरोखर मोजलेला आहे, पण तो संबंध केवढासा आहे आणि तो येतो कुठून हे बघायला बसलं की गोष्ट हळूहळू बापावरून सरकून आईकडे जाते, आणि त्या आईचा फोटो ग्रुपवर कुणी टाकत नाही कारण ती बिचारी मातकट रंगाची असते.

मुळात ही कल्पना आली कुठून ते आधी सांगते. १९७५ मध्ये इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ आमोट्झ झहावी यांनी असं मांडलं की लांबलचक शेपटी, भडक रंग ही नराला परवडायला अवघड अशी ओझी आहेत, आणि म्हणूनच ती खरी खूण आहेत, कारण कमकुवत नराला ती सांभाळताच येणार नाहीत. मग १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक या जीवशास्त्रज्ञांनी त्यात परजीवी आणले. त्यांचं म्हणणं असं की पक्ष्यांच्या अंगात आणि अंगावर सतत कसले ना कसले जीव पोसले जात असतात, रक्तात, आतड्यात, पिसांत, आणि ज्या नराला त्यांच्याशी लढता येतं त्याचीच पिसं चमकतात. मादीने चमकदार नर निवडला म्हणजे तिने पिल्लांसाठी प्रतिकारशक्तीचे जीन्स निवडले. झुक यांनी पुढे रानकोंबड्यांवर हे करून पाहिलं, लहानपणी जंत झालेल्या नरांचे तुरे आणि डोळे फिकट राहिले आणि माद्यांनी जंत नसलेले नर जास्त पसंत केले. आतापर्यंत सगळं छान जुळतंय.

पण इथे प्रश्न असा येतो की देखण्या नराचं घरटं पण चांगल्या जागी असतं. त्याला जास्त खायला मिळतं, तो पिल्लांना जास्त किडे आणून घालतो, त्याला जोडीदारीणही बरेचदा तब्येतीने चांगली मिळते. मग पिल्लं गुटगुटीत झाली तर श्रेय कुणाचं, बापाच्या जीन्सचं, त्याने आणलेल्या अळ्यांचं की आईचं? नुसतं बघत बसून हे कधीच कळणार नाही. म्हणून संशोधकांनी एक साधी पण जबरदस्त युक्ती काढली, पिल्लांची अदलाबदल. या घरट्यातली निम्मी पिल्लं त्या घरट्यात, तिथली निम्मी इकडे. लहान पक्ष्यांना कोवळी पिल्लं आपली की परकी हे बहुधा ओळखता येत नाही, ते समोर चोच उघडेल त्याला भरवतात. (माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते खरं नाही, पण म्हणून उगाच कुणाच्या घरट्यात हात घालत जाऊ नका, मागोमाग साप मांजर यायला तेवढं पुरतं.) अदलाबदल केली की जन्म एका बापाचा आणि संगोपन दुसऱ्याचं, मग कुठला संबंध टिकतो ते बघायचं.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम भिंगरीवरचं, बार्न स्वॅलोवरचं, डेन्मार्कमध्ये आंदर्स मोलर यांनी केलेलं, १९९० मध्ये छापून आलं. नराच्या शेपटीच्या कडेची दोन पिसं तारेसारखी लांब असतात आणि माद्यांना लांब शेपटीचे नर आवडतात. घरट्यात रक्त पिणारे बारीक माइट्स असतात. मोलर यांनी पिल्लं अदलून बदलून ठेवली, आणि दिसलं असं की पिल्लाच्या अंगावर माइट्स किती हे पाळणाऱ्या बापाच्या शेपटीवर नाही तर जन्मदात्याच्या शेपटीवर अवलंबून होतं. लांब शेपटीवाल्याची पिल्लं दुसऱ्याच्या घरट्यात वाढली तरी त्यांच्यावर माइट्स कमी. ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्यातही असंच काहीसं १९९३ मध्ये सापडलं, नराच्या छातीवरचा काळा पट्टा जितका रुंद तितके त्याचे मुलगे जगण्याची शक्यता जास्त, तेही अदलाबदल करून.

पण मला वैयक्तिकरित्या सगळ्यात भारी वाटतो तो घुबडाचा अभ्यास, कारण तिथे खूण आईच्या अंगावर आहे. गव्हाणी घुबड, बार्न आउल, त्याचं पोट पांढरट असतं आणि त्यावर काळे ठिपके असतात, मादीच्या अंगावर हे ठिपके नरापेक्षा जास्त आणि मोठे. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रूलां आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच घुबडांच्या मागे आहेत. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की ठिपके जास्त असलेल्या मादीच्या पिल्लांना निरुपद्रवी परकं प्रथिन टोचलं की त्यांच्या रक्तात अँटिबॉडीज, म्हणजे परक्या गोष्टींशी लढणारी प्रथिनं, जास्त तयार होतात, आणि ही पिल्लंसुद्धा दुसऱ्यांच्या घरट्यात वाढलेली होती, म्हणजे पाळणाऱ्या आईचा प्रश्न नाही. नंतर असंही दिसलं की अशा पिल्लांच्या अंगावरच्या रक्तपिप्या माश्यांची पैदासही कमी होते. इथे कुणी नाचत नाही, पिसारा फुलवत नाही, रात्री फिरणारा पक्षी, आणि माहिती आहे ती आईच्या पोटावरच्या ठिपक्यांत. रूप म्हणजे नराचं असं धरून चालणाऱ्यांनी हा अभ्यास आधी वाचावा असं मला फार वाटतं, कारण इतकी वर्षं मादीच्या अंगावर कुणी नीट बघितलंच नव्हतं, ती निवडणारी, तिला कोण कशाला निरखेल.

आता मोर. मोर आल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. इंग्लंडमधल्या व्हिप्स्नेड पार्कमध्ये मोकळे फिरणारे मोर आहेत, तिथे मॅरियन पेट्री यांनी काम केलं. १९९४ च्या त्यांच्या प्रयोगात नरांना माद्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून दिल्या, म्हणजे लांडोरीला निवडच नाही. झालेली सगळी पिल्लं एकसारख्या परिस्थितीत वाढवली. ज्यांच्या बापाच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोठे होते ती पिल्लं ८४ व्या दिवशी वजनाला जास्त भरली, आणि पुढे पार्कात सोडल्यावर दोन वर्षांनी त्यांच्यातली जास्त जिवंत होती. झालं, सिद्ध झालं असं वाटतं ना. माद्या वाटून दिलेल्या, संगोपन सारखं, मग उरलं काय, बापाचे जीन्स.

उरलं अंडं.

म्हणजे बघा, पिल्लाचं घरटं बदलता येतं, अन्न सारखं देता येतं, पण अंड्याच्या आत आईने काय भरलंय ते कोण बदलणार? ते तिने तो नर बघितल्यानंतर भरलेलं असतं. पेट्री यांनीच एक वर्ष आधी, १९९३ मध्ये, दाखवलं होतं की मोठ्या पिसाऱ्याचा मोर वाट्याला आला की लांडोर अंडी जास्त घालते. आणि २००७ मध्ये दुसऱ्या एका टीमला असं दिसलं की आकर्षक मोराबरोबरची लांडोर अंडी मोठी घालते आणि त्यांच्या बलकात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही जास्त घालते. मग ८४ व्या दिवशीचं वजन बापाच्या जीन्समुळे की आईने डबा जास्त भरून दिला म्हणून? दोन्ही असू शकतं. पण कमेंट लिहिणारा दुसरं कधीच लिहीत नाही.

अंड्यातल्या हार्मोनची गोष्ट थोडी सविस्तर सांगते कारण मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. १९९३ पर्यंत बलक म्हणजे नुसतं पिल्लाचं अन्न असंच समजत होते, चरबी आणि प्रथिनं. मग ह्यूबर्ट श्वाब्ल यांनी कॅनरीच्या अंड्यांत आईचं टेस्टोस्टेरॉन मोजलं, आणि तेही एकाच घरट्यात पहिल्या अंड्यात कमी आणि शेवटच्या अंड्याकडे वाढत जाणारं. शेवटचं पिल्लू उशिरा बाहेर येतं, भावंडांच्या मागे पडतं, त्याला थोडा धक्का आईने आतूनच दिलेला असतो, अशी पिल्लं जास्त जोरात चोच पसरून मागतात आणि वाढतात पण भराभर. पण फुकट काही नाही, काही जातींत बलकातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं की पिल्लाची प्रतिकारशक्ती खाली येते. म्हणजे आईने जास्त दिलं की पिल्लू निरोगी असं सरळ गणितही मांडता येत नाही.

आता याला बापाच्या रूपाशी जोडा. झेब्रा फिंच नावाचा छोटा पक्षी, त्याच्या पायात ओळखीसाठी रंगीत रिंगा घालतात. नॅन्सी बर्ली यांना १९८० च्या दशकात लक्षात आलं की माद्यांना लाल रिंगवाले नर आवडतात आणि हिरव्या रिंगवाले अजिबात नाही. कमाल आहे, त्या नराचा त्यात काडीचाही गुण नाही, रिंग माणसाने घातलेली. मग दिएगो गिल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बघितलं तर लाल रिंगवाल्या नराबरोबर असताना माद्या अंड्यात टेस्टोस्टेरॉन जास्त घालत होत्या. जीन्सचा संबंधच नाही कारण लाल की हिरवी हे माणसाने ठरवलं, तरी पिल्लाची सुरुवात बदलली, नुसती बापाच्या पायातली प्लॅस्टिकची कडी बघून! हा प्रयोग मला कुणी मध्यरात्री उठवून विचारला तरी मी सांगेन.

तसाच निळ्या पायांचा बूबी, ब्लू फुटेड बूबी, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या इस्ला इसाबेल बेटावरचा. नर आपले निळे पाय उचलून उचलून मादीला दाखवत चालतो. तो ४८ तास उपाशी राहिला की पायांचा रंग लगेच उतरतो, म्हणजे ही खूण अगदी ताजी असते, आजकालच्या जेवणाची. संशोधकांनी पहिलं अंडं घातल्यानंतर काही नरांचे पाय रंग लावून मळकट केले, तर त्यांच्या माद्यांनी दुसरं अंडं लहान घातलं. एवढ्या थोड्या दिवसांत हिशोब बदलला तिने.

इथपर्यंत वाचून वाटेल की नियम सापडला, नर देखणा तर आई जास्त देते, नर बेताचा तर हात आखडता घेते. नाही हो. अमेरिकेतल्या हाउस फिंच या छोट्या पक्ष्यात २००६ मध्ये उलटंच दिसलं, फिक्या नराबरोबरच्या माद्या अंड्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींचं नुकसान रोखणारी द्रव्यं, जास्त घालत होत्या, जणू बापाकडून मिळणार नाही ते मीच भरून काढते. आणि त्याच झेब्रा फिंचवर २००९ मध्ये दुसऱ्या टीमने केलेल्या कामात नावडत्या नराबरोबर असलेल्या माद्यांनी अंडी मोठी घातली. म्हणजे एकाच जातीत एकदा असं एकदा तसं. मला यात काही विचित्र वाटत नाही, मादीचं वय किती, पुढच्या वर्षी परत संधी मिळणार का, तिची स्वतःची तब्येत कशी यावर ते बदलत असणार असा माझा अंदाज, पण ज्यांना एका वाक्याचा नियम हवा असतो त्यांची पंचाईत होते.

युरोपातल्या कॉलर्ड फ्लायकॅचरचं, म्हणजे एका छोट्या काळ्यापांढऱ्या माशीमाराचं, काम इथे आठवतं. स्वीडनच्या गोटलँड बेटावर हे पक्षी १९८० पासून लोक अभ्यासतायत. नराच्या कपाळावर पांढरा ठिपका असतो. या पक्ष्यांच्या एकाच घरट्यात दोन बापांची पिल्लं असू शकतात, मादी शेजारच्या नराकडेही जाते आणि डीएनए तपासल्यावर ते कळतं. आता हे संशोधकांसाठी सोन्यासारखं, आई एक, घरटं एक, फक्त बाप वेगळे. १९९७ मध्ये बेन शेल्डन वगैरेंनी दाखवलं की शेजारच्या नराचा ठिपका घरच्या नरापेक्षा जितका मोठा, तितकी त्याची पिल्लं सावत्र भावंडांपेक्षा चांगल्या अवस्थेत घरट्याबाहेर पडतात. याहून स्वच्छ पुरावा कुठला? पण २००९ मध्ये ब्लू टिट या दुसऱ्या छोट्या पक्ष्यावर काम करणाऱ्यांनी एक खडा टाकलाच. त्यांना दिसलं की बाहेरच्या नराची पिल्लं बरेचदा आधी घातलेल्या अंड्यांतली असतात, ती आधी बाहेर येतात, आणि आधी आलेल्याला पहिल्या दिवसापासून जास्त खायला मिळतं. म्हणजे परत आईच, कुठलं अंडं कधी, हे तिचं. फ्लायकॅचरमध्ये हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, दुसरी जात आहे, पण पुरावा वाचताना हा प्रश्न आता विचारावाच लागतो.

रंगांबद्दल एक गोष्ट राहिली. लाल, केशरी, पिवळे रंग बरेचसे कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचे असतात आणि पक्ष्याचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावे लागतात. हीच द्रव्यं शरीराला आतून पण उपयोगी, आणि आई तीच बलकात घालते, बलक पिवळा दिसतो तो त्यामुळेच. म्हणजे एकाच खात्यातून अंगावरचा रंगही भागवायचा आणि पिल्लाचा वाटाही काढायचा. याचं टोकाचं उदाहरण फ्लेमिंगो. नर मादी दोघंही पिल्लाला अन्ननलिकेत तयार होणारं दुधासारखं काहीतरी पाजतात, ते लालसर असतं कारण त्यात हेच रंगद्रव्य भरलेलं असतं, आणि पाजून पाजून आईबापांचा गुलाबी रंग उतरत जातो. पिल्लू मात्र राखाडी ते राखाडीच दिसतं बराच काळ. तिथे तुम्ही फिका फ्लेमिंगो बघून हा आजारी, याची पिल्लं मरतुकडी असं म्हणालात तर नेमकं उलटं होईल, तो फिका झालाय तोच मुळी पिल्लू पोसून. त्यामुळे रंग बघायचा तर कधीचा बघताय हे फार महत्त्वाचं, जोडी जमवतानाचा की पिल्लं वाढवून झाल्यावरचा.

आणि आपला चिमणा. त्याच्या गळ्याखालचा काळा डाग सगळ्यांनी बघितलाय, मोठा डाग म्हणजे दादा चिमणा असं पुस्तकांत लिहिलेलं असायचं. इंग्लंडजवळच्या लंडी बेटावर सायमन ग्रिफिथ वगैरेंनी पिल्लं अदलून बघितली, १९९९ मध्ये, तर मुलाचा डाग जन्मदात्याशी जुळलाच नाही, जुळला तो पाळणाऱ्या बापाशी! म्हणजे डाग किती मोठा होणार हे तिथे रक्तापेक्षा घरट्यात काय परिस्थिती मिळाली त्यावर ठरत होतं. मग मोठ्या डागाचा बाप निवडून चिमणीला जीन्स काय मिळणार, मिळालाच तर चांगला सांभाळणारा मिळेल, जे काही वाईट नाही म्हणा.

आता आकडा सांगते, कारण मी सुरुवातीला म्हटलं की संबंध केवढासा आहे. १९९९ मध्ये, भिंगरीवाल्याच मोलर यांनी राउनो अलातालो यांच्याबरोबर तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब लावला, फक्त पक्षीच नाही इतर प्राणीही होते त्यात. पिल्लं जगतात की मरतात यात जो फरक पडतो त्यातला सरासरी १.५ टक्के भाग बापाच्या त्या दिखाऊ गुणाशी जोडता आला. दीड टक्का! उत्क्रांतीला दीड टक्का पण पुष्कळ होतो, हजारो पिढ्या हाताशी असतात, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही एक घरटं बघताय, त्यातली चार पिल्लं जगणार का मरणार हे बापाकडे बघून ओळखायला निघालात तर उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के पाऊस, अळ्या, साप, माइट्स, अंडं, आई, आणि नशीब. मला तर वाटतं पिल्लाचं वजन ओळखायचं असेल तर त्या आठवड्यात अळ्या किती होत्या ते विचारावं.

शिवाय हा दीड टक्का पण जागच्या जागी राहत नाही. गोटलँडच्या त्याच फ्लायकॅचरवर २०१७ मध्ये सायमन इव्हान्स आणि लार्स गुस्टाफसन यांनी तीन दशकांहून जास्त काळाची नोंद मांडली. सुरुवातीच्या वर्षांत मोठा पांढरा ठिपका नराला फायद्याचा होता, पण वसंत ऋतू गरम होत गेले तसा तोच ठिपका तोट्याचा झाला, आणि पिढ्यानपिढ्या ठिपके लहान होत गेले. म्हणजे १९८० च्या दशकात ज्या नराला बघून आपण म्हटलं असतं वा काय जीन्स आहेत, त्याच नराला आज तसं म्हणता येणार नाही.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे घरी झेब्रा फिंच, कॅनरी पाळणारे लोक मला विचारतात की ब्रीडिंगसाठी नर कसा निवडू, सगळ्यात लाल चोचीचा घेऊ का. घ्या की, लाल चोच तब्येतीची खूण आहे, आजारी पडला की रंग उतरतो हे झेब्रा फिंचमध्ये तपासलेलं आहे, त्यामुळे फिकट सुस्त नर टाळलेलाच बरा. पण अर्धा वेळ मादीकडे बघण्यात घालवा. ती नुकती आधीची पिल्लं वाढवून दमलेली नाही ना, छातीचं हाड हाताला टोचत नाही ना, कॅल्शियम मिळतंय का, हिरवा पाला मिळतोय का. आणि हे अंडी दिसायच्या आधी, कारण लहान पक्ष्यांत बलक भरायला जेमतेम चार-पाच दिवस लागतात, अंडं घरट्यात दिसलं की त्या अंड्यापुरतं तरी तुमच्या हातात काही राहिलेलं नसतं.